छत्तीस पैशांचा हिशोब: जस्ताच्या प्लेटिंगची साखळी हिरवी करताना खर्च कुणी, किती उचलायचा

२००९ साली मी आमच्या सगळ्या प्लेटिंगवाल्यांना चार ओळींचं एक पत्र पाठवलं होतं. ‘पुढील महिन्यापासून पिवळं हेक्साव्हॅलंट पॅसिव्हेशन बंद, फक्त ट्रायव्हॅलंट. दरात बदल नाही. सही-शिक्क्यासह पोच द्यावी.’ (लोखंडावर जस्ताचा थर चढवला की तो टिकावा म्हणून त्यावर क्रोमियमच्या द्रावणाने पातळ थर देतात, ते पॅसिव्हेशन. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे ‘हेक्स’, विषारी; ट्रायव्हॅलंट त्यामानाने सौम्य.) आठवड्यात सगळ्यांच्या पोच आल्या. मी फाईल लावली आणि साहेबांना सांगितलं, झालं काम.

तीन महिन्यांनी गेटवर माल अडकला. आमच्या ग्राहकाचा माल पुढे युरोपात जायचा. तिथल्या वाहनांच्या नियमात १ जुलै २००७ पासून गंजरोधक थरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम चालत नाही. त्यांच्या क्वालिटीवाल्या पोराने ब्रॅकेटवर डायफिनाइल कार्बाझाइडचा थेंब टाकला आणि थेंब जांभळट गुलाबी झाला, म्हणजे हेक्स आहे. अख्खा लॉट परत, लाईन बंद, माझ्या नावाने डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली. मी तणतणत प्लेटिंगच्या शेडवर गेले. शेडचे मालक काका. त्यांनी आधी चहा मागवला, मग शांतपणे म्हणाले, “ताई, तुम्ही कागद मागितला, मी कागद दिला. माल वेगळा मागायचा असता तर दरही वेगळा बोलला असतात.”

तेव्हा राग आला होता. नंतर बसून हिशोब केला तेव्हा कळलं की त्यांनी फसवलं हे खरं, पण मी त्यांना दुसरी वाटच ठेवली नव्हती. ट्रायव्हॅलंटचं केमिकल महाग, त्याची टाकी गरम ठेवावी लागते, पीएच हाताबाहेर गेला की रंग बिघडतो. हा सगळा खर्च त्यांच्या शेडमध्ये आणि फायदा आमच्या ग्राहकाच्या निर्यातीत. मधे मी, ‘दरात बदल नाही’ म्हणणारी.

भोसरी-चाकण पट्ट्यात खरेदी आणि व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये २४ वर्षं काढली. आता हे काम शिकणारी पोरं मला विचारतात, मॅडम, ग्राहकाने ‘ग्रीन सप्लाय चेन’चा फॉर्म पाठवलाय, काय करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एकच पार्ट घेते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

पार्ट आणि त्याचा प्रवास

एल आकाराचा शीट मेटल ब्रॅकेट. जाडी २ मिमी, वजन १६० ग्रॅम, दोन्ही बाजू धरून पृष्ठभाग साधारण २ चौरस डेसिमीटर. महिन्याला ४०,००० नग, म्हणजे ६.४ टन. भोसरीत प्रेसशॉपमध्ये कापला-वाकवला जातो, तिथून टेम्पोने चाकणच्या बाजूला प्लेटिंगला, तिथून आमच्या असेंब्लीला. प्लेटिंगचा दर नगाला अडीच रुपये.

पहिलं काम: हा प्रवास स्वतः करा. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर जे कळतं ते ऑफिसच्या एक्सेलमध्ये दिसत नाही. मला त्या एका फेरीत तीन गोष्टी दिसल्या. टेम्पो निम्मा रिकामा होता. खोके प्लेटिंगच्या शेडमध्ये ओल्या फरशीवर ठेवल्याने खालून भिजून फुटत होते, म्हणून एका फेरीनंतर टाकून देत होते. आणि प्रेसशॉपच्या मागे पट्टीचं एवढं भंगार पडलं होतं की मी ड्रायव्हरला विचारलं, हे एका पार्टचं?

मोजायचं किती? थोडंच

मोठे ग्राहक शंभर-शंभर ओळींची प्रश्नावली पाठवतात. सेबीला द्यायच्या बीआरएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या पर्यावरण-सामाजिक जबाबदारीच्या अहवालामुळे आणि युरोपच्या कार्बन सीमा-करामुळे हे वाढत जाणार. नट-बोल्ट-स्क्रू बनवणाऱ्यांनी तर त्या कराकडे नीट बघावं, कारण त्यांचा माल त्यात येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सुरू झालं आणि १ जानेवारी २०२६ पासून खरा हिशोब. पण अकरा माणसांच्या शेडला ‘तुमचं जैवविविधता धोरण जोडा’ असं विचारणं म्हणजे पुन्हा कागद मागणं. कागद मागाल तर कागदच मिळेल.

मी चार आकडे मागते. वीजबिलावरची युनिट. पाण्याच्या मीटरचं रीडिंग, महिन्याच्या पहिल्या तारखेचं. धोकादायक कचरा पाठवतानाच्या पावतीवरचं, म्हणजे मॅनिफेस्टवरचं, स्लजचं (गाळाचं) वजन. आणि घेतलेलं स्टील वजा विकलेलं भंगार. हे चारही कुठल्या ना कुठल्या बिलावर असतात, त्यामुळे कुणाला काही रचून सांगावं लागत नाही. विजेच्या एका युनिटमागे आपल्या ग्रीडवर साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड (पुढे नुसतं ‘कार्बन’) धरा, डिझेलच्या लिटरमागे २.६८ किलो, स्टीलच्या टनामागे अडीच टन. सुरुवातीला एवढं पुरतं.

आता हे आकडे त्या ब्रॅकेटला लावून बघा, कारण इथेच माझा स्वतःचा समज उलटा पडला. सगळ्यांचं लक्ष टेम्पोवर असतं. धूर दिसतो ना. महिन्याला १२ फेऱ्या, एक फेरी ५० किलोमीटर, छोटा टेम्पो लिटरला १५ देतो: ४० लिटर डिझेल, १०७ किलो कार्बन. आणि प्रेसशॉपच्या मागचं ते भंगार? पट्टीतून ६८ टक्केच पार्ट निघत होता. ६.४ टन ब्रॅकेटसाठी ९.४ टन स्टील. हे प्रमाण ७४ टक्क्यांवर नेलं तर ८.६५ टन पुरतं. वाचलं पाऊण टन स्टील, म्हणजे १.९ टन कार्बन. टेम्पो कायमचा बंद केला असता तरी याच्या अठराव्या भागाएवढीच बचत झाली असती.

भंगार कमी करणं प्रेसशॉपच्या हातात नाही

प्रेसशॉपचे अण्णा ही गोष्ट चार वर्षं सांगत होते, हे मला नंतर कळलं. ब्रॅकेटच्या एका कोपऱ्यात ड्रॉइंगवर चौकोनी कान होता. त्या कानामुळे दोन ब्लँक (वाकवण्याआधीचे सपाट तुकडे) एकमेकांत घुसवून ठेवता येत नव्हते. कानाला काही काम नव्हतं. जुन्या मॉडेलमध्ये तिथे वायरची क्लिप बसायची, क्लिप गेली, कान राहिला. अण्णांनी डिझाइनला मेल केली, उत्तर आलं नाही. आमच्याकडे डिझाइनला व्हेंडरची मेल म्हणजे लग्नपत्रिकेसारखी, आली म्हणून ठेवली.

म्हणून दुसरं काम: प्रत्येक व्हेंडरला एक प्रश्न विचारा, ‘आमच्या ड्रॉइंगमधली कुठली गोष्ट तुला उगीच महाग पडते?’ आणि उत्तर स्वतः हातात घेऊन डिझाइनच्या टेबलाशी जाऊन उभं राहा. कान काढायला सहा आठवडे लागले. त्यातले पाच सह्यांचे. डाय अण्णांनी स्वतःच्या टूलरूममध्ये बदलली. त्या वेळी पट्टी ६० रुपये किलो, भंगार ३५. वाचलेल्या प्रत्येक किलोवर २५ रुपये, महिन्याला १९,०००, म्हणजे नगाला ४७ पैसे.

तेच प्लेटिंगच्या थराचं. ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं १२ मायक्रॉन. का? कारण ते ड्रॉइंग गाडीच्या बाहेर लागणाऱ्या पार्टवरून कॉपी केलेलं. हा ब्रॅकेट केबिनच्या आत बसतो, तिथे ८ पुरतो. जस्ताचा एक मायक्रॉन थर एका चौरस मीटरवर ७.१४ ग्रॅम भरतो, म्हणजे चार मायक्रॉन कमी केले की या ब्रॅकेटमागे ०.५७ ग्रॅम जस्त वाचतं. नगाला काहीच नाही, ४०,००० नगांना २३ किलो. जस्त २८० रुपये किलो धरलं तर १६ पैसे. शिवाय टाकीतला वेळ एक तृतीयांश कमी होतो, वीज तेवढी वाचते आणि त्याच टाकीत दुसऱ्याचा माल लावता येतो. याचे आम्ही १० पैसे धरले. काका म्हणाले जास्त आहे, मी म्हटलं कमी आहे. दहावर थांबलो.

एक सावधगिरी. स्पेसिफिकेशन उतरवणं हे परस्पर करायचं काम नाही. सॉल्ट स्प्रेच्या, म्हणजे खाऱ्या फवाऱ्यात गंज बघायच्या, चाचणीला नमुने लावा, ८ मायक्रॉन आणि नवं पॅसिव्हेशन मिळून लागणारे तास भरतात का बघा, ग्राहकाची लेखी मंजुरी घ्या, पीपीएपी (पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) नव्याने करा. आमचे पहिले नमुने ९६ तासांच्या आधीच पांढरे पडले. सीलर (सगळ्यात वरचा लेप) बदलल्यावर भरले. या सगळ्यात दोन महिने जातात, ते आधीच धरा.

टाकीशेजारी उभं राहून

आता मुख्य गोष्ट, पाणी. प्लेटिंगच्या शेडमध्ये जे घाण पाणी तयार होतं त्यातला मोठा भाग एका साध्या कारणाने होतो. बॅरल, म्हणजे माल भरून द्रावणात फिरवायचं छिद्रांचं पिंप, एका टाकीतून वर येतं, त्याला आणि आतल्या मालाला द्रावण चिकटलेलं असतं, ते निथळायच्या आत बॅरल पुढच्या धुण्याच्या टाकीत जातं. जस्त, क्रोमियम, आम्ल, जे विकत आणलं तेच धुऊन टाकायचं आणि मग ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत) पुन्हा पैसे घालून पाण्यातून वेगळं करायचं.

मी काकांच्या शेडवर मोबाईलचं घड्याळ लावून उभी राहिले. बॅरल वर आल्यापासून पुढच्या टाकीत जाईपर्यंत चार सेकंद. खाली बादली धरली आणि कामगाराला म्हटलं, दादा, जरा वीस सेकंद थांबवा, मधे एक-दोनदा फिरवा. बादलीत धार लागली, मग थेंब, मग थेंबांमधलं अंतर वाढलं. त्या बादलीकडे काका बघत राहिले. स्वतःच्या शेडमध्ये त्यांनी ते तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण कुणी थांबलंच नव्हतं.

का थांबलं नव्हतं? कारण त्या दादाला पगार शिफ्टमधल्या बॅरलच्या संख्येवर होता. चार सेकंदांचे वीस केले की त्याची दिवसाची दोन-तीन बॅरल जायची. हे विसरून भिंतीवर ‘२० सेकंद थांबा’चा बोर्ड लावला असता तर बोर्ड चकचकीत राहिला असता आणि काम होतं तसंच. काकांनी त्या लाईनचा हिशोब बॅरलऐवजी शिफ्टवर आणला. मग तुळशीबागेतून सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ आणून टाकीसमोर लावलं. खर्च अडीचशे रुपये. या अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू.

दुसरी गोष्ट धुण्याची. मी मूळची जत तालुक्यातली. लहानपणी टँकर यायचा आठवड्यातून एकदा. आई भांडी विसळायची ती दोन घमेल्यांत. पहिल्यात राख-साबण जायचा, दुसऱ्यात उरलंसुरलं. दुसऱ्याचं पाणी फेकायचं नाही, ते पुढच्या खेपेला पहिलं घमेलं व्हायचं. ताजं पाणी फक्त शेवटच्या घमेल्यात. प्लेटिंगमध्ये याला काउंटरफ्लो रिन्स म्हणतात आणि कन्सल्टंट त्याचे पैसे घेतात. पाणी एका दिशेने येतं, माल उलट्या दिशेने जातो.

त्याचं गणित मला फार आवडतं. मालाबरोबर आलेलं एक लिटर द्रावण हजारपट पातळ करायचं असेल तर एकाच टाकीत हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या अशा उलट प्रवाहात लावल्या की साधारण ३२ लिटर, तीन लावल्या की १०. प्रत्यक्षात इतकं चोख होत नाही, टाकीत पाणी नीट ढवळलं जात नाही, नळ कुणीतरी पूर्ण सोडून ठेवतो. तरीसुद्धा काकांचं धुण्याचं पाणी पूर्वीच्या एक पंचमांशावर आलं. नळावर खूण केलेला व्हॉल्व्ह बसवा आणि शेवटच्या टाकीत टीडीएसचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा) पेन बुडवून दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहा. पाणी कमी केलं म्हणून डाग राहायला लागले तर त्या वहीत आधी दिसतं.

हेक्स बंद झाल्यावर ईटीपीचीही एक पायरी कमी होते. हेक्स क्रोमियम थेट खाली बसत नाही. आधी आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून त्याचं ट्रायव्हॅलंट करायचं, मग चुन्याने पीएच वर नेऊन गाळ पाडायचा. बाहेर सोडायच्या पाण्यात हेक्सची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. मुळात हेक्स वापरलंच नाही तर ती धाकधूक नाही. गाळ मात्र धोकादायक कचराच राहतो, तो ९० दिवसांच्या आत मॅनिफेस्ट करून रांजणगावला गेलाच पाहिजे. तुमच्या प्लेटिंगवाल्याकडचे मॅनिफेस्ट तारखांसह बघा. इंद्रायणीवर फेस आला की आळंदीचे फोटो सगळे पुढे ढकलतात, पण आपल्या व्हेंडरच्या गाळाची पावती मागणारा खरेदीवाला मला क्वचित भेटला.

एकाच कागदावर तिघांचा हिशोब

आता खर्चाकडे. हे जानेवारी २०२३ चे आमचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण मांडणी हीच ठेवा. सगळं नगामागे पैशांत.

काकांकडे: ट्रायव्हॅलंट केमिकल आणि टाकी गरम ठेवणं, १६ जास्त. चाचण्या आणि फिल्टर, ४ जास्त. मेटाबायसल्फाइट आणि स्लज कमी, ६ वजा. पाणी, ३ वजा. नव्या टाक्या, पाइप, हीटर मिळून २,४०,००० रुपये, ते २४ महिन्यांत ९,६०,००० नगांवर वाटले की २५. एकूण ३६ पैसे जास्त. त्यातून पातळ थराचे २६ वजा केले की १० पैसे जास्त.

अण्णांकडे: ४७ पैसे बचत.

पॅकिंगमध्ये: पूर्वी दिवसाला २० खोकी, खोकं २८ रुपयांचं, महिन्याला १४,०००, नगाला ३५ पैसे. त्याऐवजी परत फिरणारे पीपी प्लास्टिकचे बिन. एका बिनमध्ये ८० नग, पावणेतेरा किलो, एक माणूस उचलतो. बिन किती लागतील याचा हिशोब सोपा आहे: दिवसाचे बिन गुणिले फेरा पूर्ण व्हायचे दिवस. प्रेसशॉपला एक, प्लेटिंगला दोन, आमच्या स्टोअरला दोन, रिकामे परत यायला एक, अडीअडचणीला एक, असे सात. वीस साते एकशे चाळीस, वर वीस, म्हणजे १६०. बिन ४५० रुपये, एकूण ७२,०००. २४ महिन्यांत वाटले की साडेसात पैसे, धुणं-हाताळणी ८. रिकामे बिन त्याच टेम्पोत परत. बचत १९ पैसे.

बिनची एकच अडचण, ते चालायला लागतात. गणपतीनंतर मोजले तर ३४ कमी. काही प्रेसशॉपच्या गच्चीवर पाणी भरून ठेवलेले सापडले, एकात तुळस लावली होती, दोन आमच्याच कँटीनमध्ये कांद्याला. आता आम्ही चलनावर भरलेल्या बिनबरोबर रिकाम्यांचाही आकडा लिहितो आणि महिन्याअखेर ज्याच्याकडे तूट त्याच्या बिलातून ४५०. तेव्हापासून तुळशी कुंडीत गेल्या.

तिघांची बेरीज करा. अण्णांचे ४७ आणि पॅकिंगचे १९ मिळून ६६ पैसे बचत, त्यातून काकांचे १० भरून काढले तरी ५६ पैसे उरतात. म्हणजे पूर्ण साखळीला ही गोष्ट स्वस्त पडते. पण एकेकट्याने बघितलं तर काका ‘मला परवडत नाही’ म्हणणार आणि ते खरंच बोलणार.

आम्ही ते ५६ असे वाटले: काकांना १४, अण्णांना २०, आम्हाला २२. काकांचा दर वाढला, अण्णांचा कमी झाला पण बचतीपेक्षा कमी. वाटणीचं काही शास्त्र नाही. मी एवढंच बघते की ज्याच्याकडे त्रास वाढला त्याच्या हातात आधीपेक्षा जास्त पैसा राहिला पाहिजे. नुसती भरपाई दिली तर माणूस पुढच्या अडचणीत पहिल्यांदा तेच सोडून देतो.

आमच्या फायनान्सने पहिल्या बैठकीत म्हटलं, सगळे ५६ आपले, पार्ट आपला आहे. मी २००९ ची डेबिट नोट झेरॉक्स करून नेली होती.

पैसे वेळेवर देणं हेही त्या कागदावर

हा मुद्दा लोक सोडतात. काकांचं महिन्याचं बिल एक लाख. आम्ही ९० दिवसांनी द्यायचो. ते बँकेकडून १३ टक्क्यांनी उचलून धंदा चालवायचे. ९० चे ३० दिवस केले तर ६० दिवसांचं व्याज वाचतं, साधारण २,१३० रुपये, नगाला पाच पैसे. त्यांच्या १० पैशांच्या खड्ड्यातला निम्मा फक्त वेळेवर पैसे देऊन भरला जातो. हे पाच पैसे आम्ही वाटणीत धरले नाहीत, वर दिले.

तसंही एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांची मर्यादा आहे, करार नसेल तर १५. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या १९६१ च्या कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाने सूक्ष्म-लघु उद्योगांचे थकवलेले पैसे त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाहीत. फायनान्सवाल्यांना नदीचं पाणी सांगून जे पटत नव्हतं ते या कलमाने एका दुपारी पटलं. तुमच्याकडेही अडत असेल तर हाच नियम पुढे करा.

करारात काय लिहायचं

एक पानाचं परिशिष्ट पुरे, वकिली भाषा नको. आमच्या पानावर एवढंच आहे: २४ महिने, ९,६०,००० नग. मधे आम्ही पार्ट बंद केला किंवा दुसरीकडे नेला तर टाक्यांचे न फिटलेले पैसे आम्ही देऊ. ही ओळ नसेल तर कुठलाही शहाणा प्लेटिंगवाला टाकी घेणार नाही आणि घेऊही नये. जस्ताचा भाव दर तिमाहीला हिंदुस्तान झिंकच्या यादीप्रमाणे, वर गेला तर वर, खाली तर खाली. आधी न सांगता कधीही डायफिनाइलचा थेंब टाकायचा हक्क आमचा. गुलाबी झाला तर तो लॉट त्यांचा, पण पहिल्या वेळी कारण शोधायला दोघं एकत्र बसायचं. आणि वीज-पाणी-स्लजचे आकडे दर महिन्याच्या पाच तारखेला व्हॉट्सअॅपवर, बिलांच्या फोटोसकट.

काय लिहू नका तेही सांगते. ५ जूनला रोपं लावण्याचं बंधन, घोषवाक्याचा फलक, व्हेंडरच्या माथी मारलेलं महागडं प्रमाणपत्र. आयएसओ १४००१ ज्याला स्वतःला हवं त्याने घ्यावं, मी ते अट म्हणून घालत नाही. सोलरचंही तसंच. काकांची शेड भाड्याची, मालक पत्र्यावर हात लावू देत नाही, विषय संपला.

सगळीकडे हे जमत नाही. महिन्याला ८०० नग असलेल्या एका रॅक प्लेटिंगच्या (बॅरलमध्ये न घालता नग टांगून करायच्या) पार्टचं मी असंच कोष्टक मांडलं, नगाला सव्वादोन रुपये जास्त आले, साखळीत कुठेही बचत नाही. ते आकडे तसेच ग्राहकाकडे नेले आणि विचारलं, देता का? त्यांनी दीड रुपया दिला, पाऊण आम्ही सोसतो. नाही म्हणाले असते तर आम्हीही नाही म्हटलं असतं. फुकट हिरवं करून द्यायचं कबूल केलं की त्याचं बिल कुणाच्या तरी शेडमागच्या गटारात निघतं.

२४ महिने संपल्यावर

डिसेंबर २०२४ मध्ये टाक्यांचे २५ पैसे फिटले. जानेवारीत मी काकांकडे गेले, अर्थातच दर कमी करायला. त्यांनी पुन्हा आधी चहा मागवला. म्हणाले, हीटर आता दोन वर्षं जुना झाला, तिसरी धुण्याची टाकी बसवायची आहे. मी म्हटलं, पंचवीसपैकी पंधरा परत द्या. ते म्हणाले दहा. घड्याळाकडे बघितलं तर ते बंद पडलेलं, सेल संपलेला. टाकीवरचा दादा बॅरल वर धरून तोंडाने मोजत होता, सोळा, सतरा, अठरा.

बारा पैशांवर जमलं.